टायटनचे ३६ हर्ट्झ: एका रेघेवर केवढा महासागर?

१४ जानेवारी २००५ रोजी हायगेन्स यान शनीच्या टायटन या चंद्रावर उतरलं. पॅराशूटला लटकून खाली यायला त्याला सुमारे अडीच तास लागले. तेवढ्या वेळात बाहेर काढलेल्या दांड्यांवरच्या इलेक्ट्रोडनी हवेतलं विद्युतक्षेत्र मोजलं, आणि नोंदींत ३६ हर्ट्झच्या आसपास एक ठळक रेघ सापडली. त्या रेघेवरून काय काय सिद्ध झालं असं मानलं गेलं, ते आज तपासू.

आधी थोडी उजळणी. पृथ्वीचा पृष्ठभाग आणि वरचं आयनांबर यांतून वीज वाहते, मधली हवा मात्र जवळपास विद्युतरोधक. त्यामुळे विजा कडाडल्या की या पोकळीत कमी वारंवारतेच्या लहरी घुमत राहतात. हाच शूमान अनुनाद. गणित सोपं आहे: प्रकाशाचा वेग भागिले परीघ, गुणिले √२. पृथ्वीसाठी उत्तर १०.६ हर्ट्झ येतं, प्रत्यक्षात ७.८ मिळतात, कारण पोकळीत ऊर्जा गळते. टायटनची त्रिज्या २,५७५ किमी. पहिली वारंवारता २६, दुसरी ४५ (इथे √२ऐवजी √६). पृथ्वीइतकीच घट धरली तर दुसरी ३३-३४ वर येते. ३६ पासून फार लांब नाही, बरोबर?

२००७ मध्ये बेगँ आणि सहकाऱ्यांनी हेच मांडलं. टायटनवर विजा सापडल्या नव्हत्या, म्हणून त्यांनी लहरींचा उगम शनीच्या चुंबकावरणाशी जोडला. २०१२ मध्ये पुढचं पाऊल: बर्फातून या लहरी आरपार जातात, मग पोकळीची खालची भिंत म्हणजे खोलवरचं खारं पाणी. आणि वरचा बर्फ ५५ ते ८० किमी जाड.

युक्तिवाद देखणा आहे. पण पहिली वारंवारता कुठे गेली? उतरण्याची जागा अशी होती की दुसरीच उठून दिसली, असं उत्तर दिलं गेलं. हे शक्य आहे. पण एकाच ठिकाणच्या एकाच मोजणीवरून ते पडताळणार कसं?

दुसरा प्रश्न जास्त अडचणीचा. मोठं पॅराशूट सुटून लहान उघडलं, साधारण त्याच सुमारास संकेत एकदम वाढला. टायटनच्या आयनांबराला आपल्या पॅराशूटचं काय पडलंय? टेबलाच्या कडेला फूटपट्टी दाबून टिचकी मारा, ती आपल्या ठरावीक वारंवारतेने थरथरते. इलेक्ट्रोडचा दांडा तसाच थरथरला आणि आसपास विद्युतभार असला, तर नोंदीत तशीच रेघ उमटेल. २०२० मध्ये लॉरेन्झ आणि ल गाल यांनी 'इकारस'मध्ये या नोंदी पुन्हा तपासून असाच संशय मांडला.

बेगँ यांच्यावर मात्र अन्याय नको. यंत्राचा दोष असू शकतो हे त्यांनी तपासलं होतं, आणि २००७ च्या शीर्षकातच 'शक्यतो' अशा अर्थाचा शब्द होता. माझी तक्रार पुढच्या प्रवासाबद्दल आहे. 'शक्यतो' गळतो, आकडा उरतो. ५५ ते ८० ही मर्यादा वाचली की वाटतं, अनिश्चितता मोजून झाली. पण ती मर्यादा 'रेघ खरी आहे' हे धरूनच काढलेली आहे. रेघ दांड्याची असेल, तर जाडी ५५ नाही, ८० नाही. ती मोजलेलीच नाही.

याचा अर्थ महासागर नाही, असा लावू नका. त्याचा स्वतंत्र पुरावा कॅसिनीच्या गुरुत्वमापनातून आला: शनीच्या ओढीने टायटन किती ताणला जातो, यावरून. त्याचाही अर्थ कसा लावायचा हा वाद आहेच, पण त्याला ३६ हर्ट्झची गरज नाही. बर्फाची जाडी मात्र महत्त्वाची आहे: पृष्ठभागावरची कार्बनी रसायनं खालच्या पाण्यापर्यंत पोचू शकतात का, हे तिच्यावर बरंच अवलंबून आहे.

लॉरेन्झ स्वतः २०२८ मध्ये निघणाऱ्या ड्रॅगनफ्लाय मोहिमेत आहेत, आणि त्या यानावर विद्युतक्षेत्र मोजणारे इलेक्ट्रोड असणार आहेत. ते जमिनीवर उभं राहून ऐकेल, पॅराशूटला लटकून नाही. तोवर टायटनच्या बर्फाच्या जाडीचा आकडा कुठे दिसला, तर एवढंच बघा: तो गुरुत्वातून आलाय की या रेघेतून?