चेहऱ्याभोवतीची रिकामी जागा

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागल्यावर भनपुरी मागे पडते न पडते तोच बीरगांव सुरू होते, आणि त्याच्या कडेलाच उरला औद्योगिक वसाहतीचा धूर दिसू लागतो. लोखंडाच्या भट्ट्या व रोलिंग मिल यांच्या आश्रयाने वाढलेल्या या वस्तीतील फोटो स्टुडिओंच्या काचांआड टांगलेली व्यक्तिचित्रे मी गेली अनेक वर्षे आस्थेने पाहत आलो आहे; आणि ज्या गावात माणसाचा पहिला अधिकृत चेहरा म्हणजे कारखान्याच्या फाटकावर दाखवावयाचे ओळखपत्र होय, त्या गावात व्यक्तिचित्राची कल्पनाही त्या ओळखपत्रानेच घडवावी, हे मला स्वाभाविक वाटत असले तरी त्याचे दुःख कमी होत नाही. समोरून आलेला सपाट प्रकाश, दोन्ही कान स्पष्ट, मागे निळा पडदा, आणि चौकटीत माणसाखेरीज उरलेली जागा जितकी कमी तितकी दाम वसूल झाल्याची खातरी, हाच येथील शिरस्ता आहे. लग्नाच्या अल्बमात केवळ पडद्याचा रंग बदलतो.

समोरून येणाऱ्या या प्रकाशाचा इतिहास लक्षात घेण्याजोगा आहे. जर्मनीत १८८७ साली मॅग्नेशियमची स्फोटक पूड तयार झाली आणि लगोलग न्यूयॉर्कचा पत्रकार जेकब रीस याने ती घेऊन गरिबांच्या अंधाऱ्या खोल्यांत रात्री-अपरात्री प्रवेश केला. १८९० साली निघालेल्या त्याच्या पुस्तकाने त्या वस्त्यांकडे शहराचे लक्ष वेधले, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे, परंतु त्या चित्रांतील माणसे झोपेतून दचकून उठल्यासारखी दिसतात, आणि त्यांच्यावर पडलेला उजेड एखाद्या तपासनिसाने तोंडासमोर धरलेल्या कंदिलाचा उजेड आहे. कॅमेऱ्याच्या माथ्यावर बसवलेला फ्लॅश आजही हेच करतो: तो माणसाची झडती घेतो.

फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून बाजूला नेला की चेहऱ्याला गोलाई येते, हे आता येथील प्रत्येक होतकरू छायाचित्रकाराला ठाऊक आहे. चिनी बनावटीचे फ्लॅश व बिनतारी ट्रिगर स्वस्त झाल्यापासून दोन-तीन दिवे नसलेला स्टुडिओ विरळा. मात्र फ्लॅश उतरवण्याचे खरे मोल चेहऱ्याहूनही चेहऱ्याभोवतीच्या जागेत आहे, ही गोष्ट अद्याप पुष्कळांच्या ध्यानी आलेली नाही. प्रकाशाचे बळ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश माणसापासून आठ फुटांवर आणि मागची भिंत दहा फुटांवर असेल, तर भिंतीला चेहऱ्याच्या जवळजवळ दोन-तृतीयांश उजेड मिळतो आणि तिच्यावरचा प्रत्येक डाग चित्रात आपला हक्क सांगतो. उलट फ्लॅश चेहऱ्यापासून तीन फुटांवर आणून माणसाला भिंतीपासून इतके दूर बसवले की दिव्यापासून भिंत बारा फुटांवर जाईल, तर भिंतीच्या वाट्याला केवळ सोळावा हिस्सा येतो, म्हणजे चार स्टॉपचा फरक पडतो, आणि तीच पांढरी भिंत गडद राखी होते. चित्रातील रिती जागा बाजारातून विकत आणावी लागत नाही. ती अंतराने निर्माण होते.

गेल्या हिवाळ्यात एका ओळखीच्या तरुण छायाचित्रकाराकडे हा प्रयोग मी जवळून पाहिला. भट्टीवर उभा जन्म काढून निवृत्त झालेले एक गृहस्थ घरात लावण्यासाठी फोटो काढवून घ्यावयास आले होते. खोली अठरा फूट लांब, परंतु अरुंद आणि चुन्याने रंगवलेली असल्यामुळे छत्रीतून आलेला प्रकाश भिंतीभिंतीवर आपटून परत येई आणि हवा तो काळोख काही केल्या साठेना. मग छत्री काढून फ्लॅशच्या तोंडाशी जाळी बसवली, त्यांच्या डाव्या अंगाला काळे कापड टांगले, शटर एक-द्विशतांश सेकंदावर ठेवून ट्यूबलाइटचा उजेड पार बाद केला, आणि त्यांना चौकटीच्या उजव्या तळाशी बसवून डावीकडची सगळी जागा मोकळी सोडली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर उमटलेले चित्र पाहून ते म्हणाले, ‘‘अंधियार हो गे, बाबू.’’ अंधार झाला खरा. पण त्या अंधारात, उष्णतेने कायमचे आक्रसलेले त्यांचे उजव्या बाजूचे गालफड आणि गुडघ्यावर विसावलेले, बोटांची पेरे जाड झालेले हात असे काही उठून आले होते की मी बराच वेळ बोलू शकलो नाही.

रिकाम्या जागेची ही जाण आपल्याला परकी आहे असे मानण्याचे कारण नाही. जहांगीराच्या काळच्या चित्रकारांनी सपाट हिरव्या भूमीवर एकेकटा उमराव उभा केला आणि त्या हिरव्या शांततेतून त्याचा मरातब व्यक्त केला. गिरगावातील नारायण विनायक विरकर यांनी १९१९ साली अमृतसरला जाऊन जालियनवाला बागेची छायाचित्रे काढली, त्यांत गोळ्यांच्या खुणा अंगावर वागवणारी भिंत माणसांहून अधिक बोलते. तिथे फ्लॅश नाही, पण भिंत म्हणजे माणसामागची निरुपयोगी जागा नव्हे, हे एका मराठी छायाचित्रकाराने तेव्हाच दाखवले होते. दादरच्या इंडिया फोटो स्टुडिओत जे. एच. ठक्कर यांनी नटनट्यांच्या चेहऱ्यांइतकीच त्यांच्या सावल्यांचीही निगा राखली. पुढे गौतम राजाध्यक्षांनी, ज्यांचे ‘फेसेस’ हे पुस्तक १९९७ साली प्रसिद्ध झाले, चेहऱ्याला मृदू प्रकाशाने असे जवळ घेतले की एका पिढीला व्यक्तिचित्र म्हणजे चौकट भरून राहिलेला चेहरा असेच वाटू लागले. राजाध्यक्षांचे स्वतःचे काम माझ्या दृष्टीने अव्वल दर्जाचे आहे, परंतु त्यांची जवळीक अंगी नसताना केवळ त्यांची चौकट उचलणाऱ्यांनी अवकाशाचे फार नुकसान केले.

आमच्यासारख्याच एका कारखान्यांच्या गावी, मध्य प्रदेशातील नागद्यात, सुरेश पंजाबी यांच्या सुहाग स्टुडिओत गिऱ्हाइके ज्या ऐटीत उभी राहिली, तिच्यावर मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर पिनी यांनी विस्ताराने लिहिले आहे. भरलेली पार्श्वभूमीही स्वप्नाला जागा देऊ शकते, याची साक्ष ती चित्रे देतात, म्हणून रंगवलेल्या पडद्यांविषयी मला आदरच आहे. आजच्या फ्लेक्सवर छापलेल्या धबधब्याविषयी तो वाटत नाही.

तरी बीरगांवात बसून मला वारंवार आठवतात ती छायाचित्रकार आर्नल्ड न्यूमनची दोन चित्रे. एकात, १९४६ साली, संगीतकार स्त्राविन्स्की डाव्या कोपऱ्यात लहानसा बसला आहे आणि पियानोचे उघडे काळे झाकण सारी चौकट व्यापून आहे. ज्या नियतकालिकासाठी ते काढले त्याने ते नाकारले. दुसरे १९६३ सालचे, एसेनच्या पोलाद कारखान्यात काढलेले अल्फ्रीड क्रुपचे: युद्धकाळात गुलाम मजूर राबवल्याबद्दल शिक्षा झालेल्या या मालकाला ज्यू असलेल्या न्यूमनने दोन बाजूंच्या दिव्यांनी असे उजळले की मागचा कारखाना त्याच्याविरुद्ध साक्ष देतो. प्रकाशाची जागा हा नैतिक निर्णय असतो, याचा इतका उघड दाखला मला दुसरा ठाऊक नाही. लोखंड तेच, धूर तोच. आमच्याकडे मात्र खुर्चीवर भट्टीवरचा माणूस बसतो, आणि त्याच्यामागे काय उजळावे, काय विझवावे, ही तजवीज वीस-बावीस वर्षांच्या मुलाच्या हाती असते.

ही मुले हुशार आहेत, पण लग्नसराईने त्यांना घाईची सवय लावली आहे: जोडप्याच्या मागे एक फ्लॅश, रंगीत धूर, आणि मोबाइलने धूसर केलेली पार्श्वभूमी. धूसर करणे म्हणजे जागा रिती करणे नव्हे. तो केवळ तिच्याकडे न पाहण्याचा मार्ग आहे.

त्या वृद्ध गृहस्थांचे चित्र पहिल्या खेपेस छापून आले तेव्हा प्रयोगशाळेतील यंत्राने काळोख ही चूक समजून तो आपण होऊन उजळला होता. भिंत फिकट झाली होती, चुन्याचे पोपडे दिसत होते आणि हात पुन्हा सपाट झाले होते. त्या मुलाने ते परत पाठवले, आणि पाकिटावर ठळक अक्षरांत लिहिले: ‘नो करेक्शन’. दुसऱ्या खेपेस ते बारा बाय अठरा इंचांत, जसे काढले होते तसे आले. म्हाताऱ्यांनी ते दाराच्या उजेडात धरले, डावीकडच्या काळ्या जागेवरून तळहात सावकाश फिरवला, आणि चौकट कुठे मिळेल ते विचारले.