हेझल डिकन्स यांची गीते : साक्ष की संबोधन?

ब्लूग्रास हा अमेरिकेच्या ग्रामीण भागाशी नाते सांगणारा संगीतप्रकार आहे. बिल मन्रो आणि त्यांच्या 'ब्लू ग्रास बॉइज' या वाद्यवृंदाने १९४०च्या दशकात त्याला आजचे रूप दिले. बँजो, मँडोलिन, फिडल, गिटार व डबल बास यांचे द्रुत वादन आणि उंच पट्टीतील धारदार गायन ही त्याची ओळख. या मंचावर आघाडीचे गायक बहुधा पुरुषच असत. १९६५ साली फोकवेज कंपनीने हेझल डिकन्स व अ‍ॅलिस जेरार्ड यांचा 'हूज दॅट नॉकिंग' हा अल्बम काढला. स्त्रियांच्या नेतृत्वाखालील आरंभीच्या ब्लूग्रास अल्बमांत त्याची गणना होते.

डिकन्स वेस्ट व्हर्जिनियातील खाणकामगारांच्या परिसरातल्या. पुढे बाल्टिमोरला येऊन त्यांनी कारखान्यांत काम केले. या चरित्रामुळे त्यांच्या गायनाला 'अस्सल' म्हणण्याची प्रथा पडली. हे विशेषण खोटे नाही, पण अपुरे आहे. 'अस्सल' म्हटले की गीत म्हणजे केवळ साक्ष असे आपण समजतो आणि त्यामागची रचना पाहायची राहून जाते.

'ब्लॅक लंग' हे गीत पाहा. कोळशाच्या धुळीने फुप्फुसे निकामी होऊन मरण पावलेल्या भावाच्या आठवणीतून ते लिहिले गेले. येथे रोगाचे वर्णन नाही. रोगालाच समोर उभे करून त्याच्याशी बोलले आहे. शिवाय डिकन्स ते वाद्यांविना गात. ब्लूग्रासमध्ये वाद्ये कडव्यांमधली जागा भरतात, श्रोत्याला उसंत देतात. ती उसंत येथे काढून घेतली आहे. श्वास अपुरा पडण्याविषयीचे गीत केवळ गायिकेच्या श्वासावर उभे राहते.

'डोंट पुट हर डाउन, यू हेल्प्ड पुट हर देअर' या गीतातही हेच तंत्र दिसते. 'बिघडलेली' बाई हा जुन्या कंट्री गीतांचा नेहमीचा विषय. डिकन्स तिच्याविषयी गात नाहीत. तिला नावे ठेवणाऱ्या पुरुषांना उद्देशून गातात. 'ती' या सर्वनामाकडून 'तुम्ही'कडे वळताच आरोपी बदलतो. त्यांच्या गीतलेखनाचे बळ या संबोधनात आहे, असे मला वाटते.

आता श्रोत्यांच्या प्रतिसादाकडे वळू. बार्बरा कॉपल यांच्या 'हार्लन काउंटी, यूएसए' (१९७६) या ऑस्करविजेत्या माहितीपटाने त्यांची खाणकामगारांची गीते दूरवर पोहोचवली. उलट, ब्लूग्रासच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा वर्षातील सर्वोत्तम गीताचा पुरस्कार १९९६ साली त्यांच्या 'मामाज हँड'ला, लिन मॉरिस यांच्या आवाजात, मिळाला. हे घर सोडण्याचे, आईचा हात सोडण्याचे गीत आहे. दुसऱ्या आवाजातही ते तितकेच उभे राहिले, म्हणजे त्यांचे लेखन केवळ चरित्रावर विसंबून नव्हते. मात्र हेही नोंदवा, की या गीतात कोणावर आरोप नाही. आई आणि घर हे ब्लूग्रासचे जुने, सर्वमान्य विषय आहेत. 'तुम्ही' म्हणून बोट रोखणारी गीते प्रामुख्याने चळवळीच्या खाती जमा झाली, तर 'मामाज हँड' ब्लूग्रासच्या. एकाच लेखिकेची अशी वाटणी झाली.

संघटनेच्या सन्माननीयांच्या यादीत डिकन्स व जेरार्ड यांना २०१७ साली स्थान मिळाले. डिकन्स २०११ मध्येच निवर्तल्या होत्या. सन्मान उशिरा आला, एवढ्यावर थांबू नका. त्यांची वाटणी झालेली गीते एकत्र ऐकणे हे अभ्यासकाचे काम आहे.

स्वाध्याय : वरील तीन गीते एका बैठकीत ऐका. प्रत्येक गीत कोणाशी बोलते आणि वाद्ये कोठे थांबतात, हे टिपा. मग ठरवा : 'अस्सल' या शब्दाने तुम्हांला ऐकायला मदत केली, की अडथळा आणला?