विषशास्त्रातील प्रामाण्यविचार

रसेल व बर्च यांचा ‘मानवीय प्रयोगतंत्राची तत्त्वे’ या विषयावरील इंग्रजी ग्रंथ १९५९ साली प्रसिद्ध झाला. प्रतिस्थापन, न्यूनीकरण व परिष्करण या त्यातील त्रयीचा निर्देश आज सर्वत्र होतो. त्यातील अधिक मूलगामी विवेचन मात्र उपेक्षितच राहिले आहे. एखादा नमुना मनुष्यदेहाशी एकंदरीत किती मिळताजुळता आहे, हा एक प्रश्न. ज्या विशिष्ट गुणाची परीक्षा करावयाची तो गुण तो अचूक दाखवितो काय, हा दुसरा. सस्तन प्राणी पहिल्या कसोटीस उतरतो म्हणून दुसरीसही उतरेलच असे मानणे, हा ग्रंथकारांच्या मते हेत्वाभास होय.

पर्यायी पद्धतींच्या प्रमाणीकरणात हाच हेत्वाभास मागल्या दाराने शिरला आहे. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या २००५ च्या मार्गदर्शिकेनुसार, विशिष्ट हेतूसाठी पद्धतीची विश्वसनीयता व समर्पकता प्रस्थापित करणे म्हणजे प्रमाणीकरण. व्याख्या निर्दोष आहे; परंतु समर्पकता ताडून पाहावयाची कशाशी? बहुधा जुन्या प्राणिप्रयोगांच्या निष्कर्षांशीच! ड्रेझ व सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये मांडलेली सशाच्या डोळ्यावरील चाचणी स्वतः अशा छाननीतून गेलेली नव्हती. १९७१ साली वील व स्काला यांनी तेच पदार्थ २० हून अधिक प्रयोगशाळांत तपासविले, तेव्हा निष्कर्षांत मोठी तफावत आढळली.

मीमांसकांच्या परिभाषेत सांगावयाचे तर, सशाला स्वतःप्रामाण्य बहाल झाले आणि पेशीसंवर्धनाच्या वाट्याला परतःप्रामाण्य आले. मापच डळमळीत असेल, तर त्याच्याशी न जुळणे हा नव्या पद्धतीचा दोष की गुण, हे ठरविता येत नाही.

या व्यवहाराची एक बाजू न्याय्य आहे. मानवावरील माहिती तुटपुंजी असते आणि ती मिळविण्यासाठी माणसांना विषबाधा करता येत नाही. म्हणून जुने निष्कर्ष साक्षीदार म्हणून हवेत. न्यायाधीश म्हणून नव्हेत. त्वचेच्या अधिहर्षतेविषयीच्या २०२१ च्या ४९७ क्रमांकाच्या मार्गदर्शक सूत्रात उंदरांवरील चाचणीबरोबर मानवी माहितीचाही आधार घेतला गेला, हे योग्य दिशेचे पाऊल होय.

मूळ घोटाळा ‘पर्याय’ या शब्दातच आहे. पर्यायशब्दांतही अर्थच्छटा सर्वस्वी एक नसतात. मग पेशींचा थर सशाचा पर्याय कसा ठरावा? तो वेगळ्या, मर्यादित प्रश्नाचे उत्तर देतो. अनेक इंद्रियांवर दीर्घकाळ होणाऱ्या परिणामांचे उत्तर एकटा थर देऊ शकणार नाही, हेही तितकेच खरे. प्रश्न नेमका केल्यावाचून उत्तराचे प्रामाण्य सिद्ध होत नाही.