कान आणि काना

नगरला एका मित्राच्या वाड्यात दसऱ्याला शस्त्रपूजा असते. पाटावर दोन तलवारी, एक कट्यार, शेतातला कोयता, अलीकडे मुलाचा लॅपटॉप, आणि या सगळ्यांच्या पुढे मानाने एक तमंचा. वीतभर नळी, तिच्यावर चांदीच्या तारेची वेल, शिसवी दस्ता. तो उडत नाही. त्याच्या कानात खिळा आहे. कान म्हणजे नळीच्या बुडाशी असलेलं बारीक भोक. रंजक पेटली की जाळ त्यातूनच आतल्या दारूपर्यंत पोचायचा. तोफ बंद पाडायची तर तिच्या कानात खिळा मारत, तोच न्याय या एवढ्याशा तमंच्यालाही लावलेला.

काही वर्षांपूर्वी तो 'नवा करायला' एकाकडे दिला. आठ दिवसांनी परत आला तो स्टीलच्या तांब्यासारखा लखलखत. तेजाबात बुडवला होता, वर पॉलिश पेपर, वर मशीनवर बफ. वेल गेली. तार जिथे जरा खोल बसली होती तिथे तेवढी दोन पानं आणि अर्धी कळी उरली. मित्राची आई तो हातात घेऊन एवढंच म्हणाली, "हा आपला नव्हं."

दस्त्याची एक बाजू त्याच्या कितीतरी आधी हरवली होती. ती करून घ्यायला दुसरा माणूस गाठला. हा साधा सुतार. पेट्या, पाट, देव्हारे करणारा. त्याने तीन आठवडे काहीच केलं नाही. उरलेली फळी खिडकीत उजेडाला धरून नुसता बघायचा. मग एकदा म्हणाला, "ह्यानं पट्टी लावली नाही. आन् गडी डावखुरा व्हता." आम्ही वाकून पाहिलं. दस्ता हातातून सटकू नये म्हणून त्यावर बारीक जाळी कोरलेली असते. तिच्या रेघा किंचित एका अंगाला कलल्या होत्या, आणि शेवटच्या तीन रेघा जागा संपत आल्यामुळे दाटीवाटीने बसल्या होत्या. मी विचारलं, ही दाटीही तशीच करणार का? तर म्हणाला, "चूक त्याची हाये. तिची नक्कल केली तर चेष्टा हुईल. म्या फक्त पट्टी लावनार नाही."

मूळ कारागिराच्या वळणाने दुरुस्ती कशी करावी यावर मी बरंच वाचलं आहे, पण या एका वाक्याइतकं नेमकं काही सापडलं नाही. आणि त्या वाक्यामुळे मला नगरचंच एक फार मोठं शस्त्र पुन्हा वाचावंसं वाटलं. तमंच्याच्या शेजारी ठेवायला ते जरा जड आहे. सुमारे ५५ टन.

मुलूखमैदान तोफ विजापूरची, असं शाळेच्या सहलीपासून डोक्यात बसलेलं असतं. ती नगरची. १५४९ साली, बुऱ्हाण निजामशहाच्या काळात, महंमद बिन हसन रूमी याने ती इथे ओतली. रूमी म्हणजे रूमचा, तुर्की मुलखातला. जुन्या इंग्रजी लेखकांनी तर नगरमधल्या या रूमीच्या, म्हणजे रूमीखानाच्या, थडग्याच्या बागेत तिचा साचा दिसत असल्याची नोंद केली आहे. निजामशाही उतरणीला लागल्यावर तोफ परंड्याच्या किल्ल्यात होती. तिथून १६३२ मध्ये आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने ती विजापूरला नेली. पुण्यावर गाढवाचा नांगर फिरवल्याची गोष्ट ज्याच्या नावावर आहे तोच हा. तुळापुरी नावेत हत्ती तोलल्याची कथाही त्याचीच. दहा हत्ती आणि चारशे बैल लावून तोफ ओढली म्हणतात, आणि तिची जोडीदारीण कडकबिजली वाटेत नदीत बुडाली म्हणतात. जिथे एवढी मोठी वस्तू जाते तिथे एवढ्या गोष्टी मागोमाग जायच्याच.

आता ती शेर्झा बुरुजावर पडून आहे. पायऱ्या चढून गेलं की आधी आश्चर्य वाटतं ते तिच्या आखूडपणाचं. लांबी सव्वाचौदा फुटांच्या आसपास, आणि जाडी, सर्वांत फुगीर जागी, जवळजवळ पाच फूट. लांबसडक तोफेत जो डौल असतो तो हिच्यात नाही. बैठी, गुबगुबीत, दम धरून बसलेली. तोंडात डोकावलं तर नळीचा व्यास सव्वादोन फुटांहून थोडा जास्त. म्हणजे भोवतीची भिंतच सव्वा फूट जाड आली. वाड्याच्या भिंतीला शोभेल अशी जाडी धातूला का दिली असेल, याचं उत्तर धातूतच आहे.

पंचधातूची म्हणून वाटाडे सांगतात, पण पृथक्करणात निघालं ते तांबं सुमारे ८० टक्के आणि कथील सुमारे २०. तोफेच्या काशात कथील साधारण याच्या निम्म्याने घालतात. वीस टक्के हे घंटेचं प्रमाण. आपल्याकडे उन्हाळ्यात तळपायाला तूप लावून घासायची काशाची वाटी असते, तिचा धातू याच जातीचा. वाटी ओट्यावर आपटली की कशी बराच वेळ गुणगुणत राहते! कथील वाढवलं की रस पातळ होतो, साच्याच्या कानाकोपऱ्यात शिरतो, थंड झाल्यावर पृष्ठभाग गुळगुळीत येतो, आणि ठोकलं तर नाद येतो. पण धातू ठिसूळ होतो. तोफ ओतणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असणार. तरी त्याने घंटेचा रस घेतला आणि ठिसूळपणाची भरपाई जाडीने केली. माझा अंदाज असा, की त्याला तिच्या तोंडावर जे कोरीवकाम उतरवायचं होतं त्यासाठी हा पातळ रस हवा होता. शास्त्रीय कारणं आणखी असतील. पण ते तोंड पाहिलं की माझा अंदाज मला सोडवत नाही.

तोंड म्हणजे जबडा वासलेला सिंह. कोणी मकर म्हणतं, कोणी ड्रॅगन. डोळे, कान, वर वळलेलं नाक, आणि दोन्ही बाजूंना सुळ्यांमध्ये एकेक हत्ती चिरडलेला. हत्ती लहान आहेत. मांजराने तोंडात उंदीर धरावा तेवढेच. सगळी कारागिरी या प्रमाणात आहे. सिंह मोठा आहे हे सांगायला सिंह मोठा करून चालत नाही, हत्ती छोटा करावा लागतो. आणि हे सगळं कोरीवकाम पुढच्या हातभर भागात उरकलेलं. मान संपली की मागे सपाट, गोल, गप्प धातू. शेपूट नाही, पंजे नाहीत, आयाळ पाठीवर पसरलेली नाही. दुसऱ्या एखाद्याने अख्खा सिंह केला असता आणि तो सर्कशीतला झाला असता. रूमीने फक्त गर्जना केली. बाकी अंग तोफेलाच ठेवलं.

आणखी एक गंमत. हत्तीला चिरडणारं श्वापद ही काही या तुर्काने बरोबर आणलेली प्रतिमा नव्हे. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर पाहा, शरभ सापडतो. जंजिऱ्याच्या दरवाजावर तर त्याने पंजांत, शेपटीत हत्तीच हत्ती पकडलेले आहेत. दख्खनच्या दगडातलं तसलं चित्र या परक्या माणसाने पाहिलं, उचललं आणि काशात ओतलं असावं. म्हणजे जिला आपण मूळ कारागिराची शैली म्हणून देव्हाऱ्यात बसवतो, ती त्यानेही कुणाच्या तरी शेजारी बसून उचललेली असणार. नगरच्या बाग रौजाजवळ एका हत्तीचं थडगं दाखवतात. तालिकोटच्या लढाईत, १५६५ साली, विजयनगरच्या रामरायाला पकडणारा गुलाम अली तो हाच, असं सांगतात. ज्या शहराने एका हत्तीला थडगं बांधलं त्याच शहराने दोन हत्ती तोफेच्या दातांत दिले.

पाठीवर लेख आहेत. एक करणाऱ्याचा, नाव सांगणारा. एक धन्याचा: अबुल गाझी निजामशहा, प्रेषिताच्या घराण्याचा सेवक, हिजरी ९५६. 'घराण्याचा सेवक' हे शब्द नुसते नम्रतेचे नाहीत. शिया विद्वान शाह ताहिरच्या प्रभावाने बुऱ्हाणने शिया पंथ घेतला होता, आणि तोफेच्या पाठीवर तो जाहीर केला होता.

१२ सप्टेंबर १६८६ ला विजापूर पडलं. औरंगजेब आत आला. आता गणित मांडा. कडवा सुन्नी बादशहा, समोर शिया सुलतानाचं नाव मिरवणारी तोफ, हाताशी छिन्नी-हातोडे हवे तेवढे. घासून टाकणं अगदी सोपं होतं. त्याने ते केलं नाही. जुने लेख जिथल्या तिथे ठेवून त्याच पाठीवर आपला वेगळा लेख घातला. उदारपणा म्हणून मी हे सांगत नाहीये. कदाचित पाडाव केलेल्याचं नाव शाबूत असलं तरच पाडावाला किंमत असते, एवढाच हिशेब असेल. मला भुरळ पडते ती त्या लेखातल्या अक्षरांच्या हिशेबाची.

फारसीत प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो, आणि ओळ अशी जुळवायची की अक्षरांची बेरीज म्हणजे घटनेचं वर्ष. औरंगजेबाच्या लेखनिकाला हिजरी १०९७ हवं होतं. त्याने शब्द बाहेरून आणलेच नाहीत. तोफेचं नावच घेतलं, मालिक-ए-मैदान, मैदानाचा मालक, आणि पुढे फक्त 'ला घेतलं' अशा अर्थाचे दोन शब्द. मालिकचे भरतात ९१, मैदानचे १०५, उरलेल्या दोन शब्दांचे ९०१. बेरीज बरोबर १०९७. मी कागदावर तीनदा मांडून पाहिली. यात 'मालिक'मधल्या अलिफाचा, म्हणजे आपल्या काना-मात्रेतल्या कान्याचा, वाटा आहे १. तेवढा काना काढला तर बादशहाने विजापूर एक वर्ष आधीच घेतलं, असा हिशेब निघतो.

त्या लेखनिकाचं मला त्या सुतारासारखंच वाटतं. त्याने वस्तू आधी नीट वाचली. मग जे जोडायचं ते तिच्याच नावातून काढलं. आणि धन्याचं नाव असं स्वच्छ घातलं, की रूमीचं कुठे संपलं आणि आपलं कुठे सुरू झालं याबद्दल तीनशे वर्षांत कोणाचा गोंधळ झाला नाही. नवं जुन्यासारखं दिसावं, पण जुनं म्हणून खपू नये, हे आजचे जतनवाले परिषदा भरवून सांगतात. याने ते जिंकण्याच्या धांदलीत करून दाखवलं.

मराठीने मात्र तो काना टाकला. आपल्याकडे 'मालक' हा शब्द घरोघरी असूनही तोफेला आपण मुलूखमैदान म्हणतो. मुलूख या शब्दात अलिफ नाही, बेरीज ९०. म्हणजे आपल्या उच्चारात औरंगजेबाचं साल चुकतं. मला यात बारीकसा आनंद होतो, तो लपवत नाही. वर आपण त्या नावाचा वाक्प्रचार केला. सभेत कोणी दणदणीत बोलला की त्याची 'मुलूखमैदान तोफ धडाडली', आणि एखाद्या काकूंची जीभ ही तर बारमाही मुलूखमैदान. नगरचं नाव कागदोपत्री अहिल्यानगर झालं तरी एस.टी.त चढताना आम्ही 'नगर' म्हणतो, तसंच हे. नावांची डागडुजी लोक आपल्या जिभेच्या मापाने करतात.

इंग्रजांनी तिला १८२३ मध्ये विलायतेच्या राजाला नजर करायचा विचार केला होता. रस्ते वाईट म्हणून राहिलं. खराब रस्त्यांनी इतिहास वाचवल्याची उदाहरणं आपल्याकडे कमी नसावीत. १८५४ मध्ये निरुपयोगी सामान म्हणून तिचा लिलाव निघाला. सर्वांत वरची बोली दीडशे रुपये. मोडीचा भाव. अखेर विक्री रद्द झाली. ती विकली असती तर तिच्या घंटा झाल्या असत्या, तपेली झाली असती, आणि माझ्या आजीची काशाची वाटीही कदाचित तिच्याच एखाद्या दाताची निघाली असती.

तिला आज कुणी बफ मारत नाही, हे मी प्रत्येक खेपेला आधी बघून घेतो. अंगावर हिरवट काळसर छटा आहे, हात लागून लागून काही जागा उजळल्या आहेत. त्या उजेडात सुळे आणखी खोल दिसतात.

सुताराने तमंच्याची फळी बसवून दिली तेव्हा सांधा दिसत होता. मुद्दाम ठेवलेला, केसाएवढा. दोन्ही फळ्यांचं लाकूड एकच, रंगात पाव छटेचा फरक. जाळी मोकळ्या हाताची, जुनीसारखी, पण कल दुसऱ्या अंगाला, कारण हा उजवा. स्क्रू काढून त्याने फळीची आतली बाजू दाखवली. तिथे, कोणाला कधीच दिसणार नाही अशा जागी, त्याचं आद्याक्षर आणि साल होतं. मित्राने विचारलं, "आता कानातला खिळाही काढून द्याल का?" त्याने तमंचा कानाजवळ नेला, नखाने खिळ्यावर टिचकी मारली, आणि मान हलवली. "नको. ह्यो बी कुनीतरी मापानं घडवून बसवलाय."

त्या दसऱ्याला पाटावर झेंडूच्या पाकळ्या पडल्या. आईंनी नळीला, दस्त्याच्या दोन्ही फळ्यांना हळदकुंकू वाहिलं, आणि करंगळीच्या टोकावर उरलेलं कुंकू त्या खिळ्याला लावलं.