नुरा आहे. बरं, मग?

कोल्हापुरात कुस्ती आणि नाटक एकमेकांच्या शेजारी राहतात. खासबाग मैदान १९१२चं. त्याला लागून असलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, १९१५चं. दोन्ही शाहू महाराजांनी उभी केलेली. पण दोन्हीकडचे नियम वेगळे. नाट्यगृहात मेलेला माणूस पडदा पडल्यावर उठून चहा पितो आणि कुणाची तक्रार नसते. मैदानात मात्र कुस्ती आधीच ठरवून आणल्याचा नुसता संशय आला, तरी प्रेक्षक दोन्ही पैलवानांना शिव्या घालत उठतो. अशा कुस्तीसाठी आपल्याकडे वेगळा शब्दच आहे: नुरा. राजकारणाबद्दल बोलतानाही आपण तो वापरतो आणि तिथेही तो शिवीसारखाच पडतो.

अशा गावात नव्वदच्या सुरुवातीला डब्ल्यूडब्ल्यूएफ आलं, म्हणजे आज ज्याला आपण डब्ल्यूडब्ल्यूई म्हणतो ते. १९९१च्या आखाती युद्धाच्या बातम्यांमुळे डिश अँटेना आणि केबल घराघरांत शिरल्या, पाठोपाठ स्टार टीव्हीचं प्राइम स्पोर्ट्स आलं आणि त्यावर हल्क होगन, अंडरटेकर, ब्रेट हार्ट दिसू लागले. शाळेच्या दप्तरांत त्यांची पत्त्यांसारखी कार्डं आली. उंची, वजन, छाती, रँक, सगळं त्यावर छापलेलं. आणि टीव्हीसमोर बसलेल्या प्रत्येक पोराच्या मागे कुणीतरी मोठा माणूस उभा राहून सांगायचा, "नुरा हाय रं सगळं." विषय संपला.

हे शो झाले तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मी ते गेल्या दोन वर्षांत पाहिले, काम संपल्यावर रात्री मोबाईलवर, कानात इअरफोन घालून. कोण जिंकणार हे आधीच माहीत होतं, कारण निकाल एका सर्चवर मिळतात. तरी काही मॅचेस मी तीन-तीनदा पाहिल्या आणि बऱ्याच पाच मिनिटांत बंद केल्या. सगळंच नुरा असेल, तर हा फरक कुठून येतो? माझ्या मते ‘नुरा आहे’ या वाक्याने समीक्षा संपत नाही, तिथून ती सुरू होते.

आधी नुरा कुस्तीचा आपल्याला राग का येतो ते पाहू. त्या रागात दोन आरोप मिसळलेले असतात. पहिला फसवणुकीचा: आम्ही खरी समजून पैसे मोजले आणि तुम्ही खोटी लावलीत. दुसरा कामचुकारपणाचा: दोघे नुसते हात धरून खडाखडी करत राहिले, कुणी पट काढला नाही, कुणी अंग टाकलं नाही, घाम न गाळता इनाम वाटून घेतलं.

पहिला आरोप इथे फारसा टिकत नाही. १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्याच्या सिनेटसमोर कंपनीनेच सांगितलं, की आमचा प्रकार मुख्यतः करमणुकीचा आहे, त्याला खऱ्या खेळांचे नियम लावू नका. हेतू नियंत्रण आणि कर टाळण्याचा होता, सत्यप्रेमाचा नव्हता. पण कबुली ती कबुली. उरतो दुसरा आरोप, आणि तोच मोजपट्टी म्हणून कामाचा आहे. निकाल ठरलेला असताना हे दोघे जीव ओतून काम करताहेत का?

ही मोजपट्टी लावली तर त्या काळातला बराचसा माल नापास होतो. आठवड्याच्या कार्यक्रमांत एखादा स्टार येतो, समोर नाव कुणाच्या लक्षात राहणार नाही असा माणूस उभा असतो, दोन मिनिटांत खेळ खलास. कथानकं तर कित्येकदा लाज आणणारी. ज्या आखाती युद्धाने आपल्याकडे केबल आणली, त्याच युद्धावर कंपनीने धंदा केला: सार्जंट स्लॉटर नावाच्या पैलवानाला इराकचा समर्थक बनवलं आणि झेंडा घेतलेल्या होगनकडून त्याला हरवलं. योकोझुना हा सामोअन वंशाचा अमेरिकन माणूस, त्याला जपानी सुमो पैलवान म्हणून उभं केलं. परदेशी दिसणारा माणूस म्हणजे खलनायक, यापलीकडे लेखकांची बुद्धी फारशी जात नव्हती.

पण स्लॉटर हरला त्याच रात्रीची, २४ मार्च १९९१च्या रेसलमेनिया सातची, दुसरी एक मॅच बघा. रँडी सॅव्हेज विरुद्ध अल्टिमेट वॉरियर, हरेल त्याने निवृत्त व्हायचं. वॉरियर हा कामाच्या बाबतीत बेतास बात गडी. धावत येणार, दोर गदागदा हलवणार, तीन-चार डाव टाकणार, दमणार. तरी ही मॅच थरारक होते, कारण समोर सॅव्हेज आहे. वॉरियरच्या साध्या धडकेलाही तो असा कोसळतो की धडक मोठी वाटू लागते. सॅव्हेज वरच्या दोरावरून एकापाठोपाठ पाच वेळा कोपर घेऊन उडी मारतो, वॉरियर तरीही उठतो, आणि सॅव्हेजच्या चेहऱ्यावर जे उतरतं ते पाहून निकाल माहीत असूनही पोटात खड्डा पडतो. तो हरतो. मग प्रेक्षकांत बसलेली त्याची जुनी साथीदार एलिझाबेथ धावत रिंगमध्ये येते आणि कॅमेरा रडणारी माणसं दाखवतो. त्या माणसांना हा खेळ आहे हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही. शेजारच्या नाट्यगृहात आपणही कळूनच रडतो.

इथे मला या धंद्याचं मर्म सापडलं. आपल्याकडे पैलवान पहिल्या दिवसापासून एकच शिकतो: पाठ टेकू द्यायची नाही. पाठ टेकली की चीतपट. हौद्यातल्या तांबड्या मातीत हळद, लिंबू, ताक, तेल घालून ती मऊ केलेली असते, पण त्या मऊ मातीलाही पाठ लागू नये यासाठी आयुष्य घालवायचं. त्या लोकांचं शिक्षण बरोबर उलटं. तिथे आधी पाठीवर पडायलाच शिकवतात: हनुवटी छातीला लावून, सगळी पाठ एकदम सपाट आपटून, म्हणजे मार पसरतो. आणि खाली माती नाही, लोखंडी सांगाड्यावर फळ्या आणि वर पातळ थर. ही पाठ रात्रीमागून रात्री टेकायची. निकाल खोटा असला तरी पाठ खरीच टेकते.

म्हणून त्या काळातली सर्वांत चांगली मॅच मी हरणाऱ्यासाठी निवडतो. २९ ऑगस्ट १९९२, लंडनचं वेम्बली स्टेडियम, समरस्लॅम, ऐंशी हजारांच्या आसपास प्रेक्षक. ब्रेट हार्ट विरुद्ध ब्रिटिश बुलडॉग, म्हणजे डेव्ही बॉय स्मिथ. डेव्ही हा ब्रेटच्या बहिणीचा नवरा, आणि ही गोष्ट खरी, कथानकापुरती नाही. घरचं मैदान डेव्हीचं, त्यामुळे जिंकणार तोच. ब्रेटने पुढे आत्मचरित्रात लिहिलं, की मॅच सुरू होताच डेव्हीला ठरलेलं काहीच आठवेना, आणि पुढचं सगळं त्याला कानात सांगत सांगत आपण मॅच नेली. ही अर्थात ब्रेटची बाजू आहे. पण ती वाचून मॅच पुन्हा पाहिली की प्रत्येक पकडीत त्याचं डोकं डेव्हीच्या कानाशी का जातं, हे दिसायला लागतं.

पंचवीस मिनिटं ब्रेट मॅच चालवतो. आवडता खेळाडू असूनही तो हळूच वाईटपणा स्वतःकडे घेतो, म्हणजे गर्दी पूर्णपणे डेव्हीची होते. शेवटी दोघेही जमिनीवर आडवे असताना तो पडल्यापडल्याच डेव्हीचे पाय अडकवून आपला शार्पशूटर लावतो. डेव्ही कसाबसा दोर गाठतो. नंतर ब्रेट त्याच्यावरून उडी घेऊन त्याला खाली ओढायला जातो, डेव्ही तिथेच बसून त्याचे पाय आवळतो, तीन आकडे, संपलं. ज्याने सगळं रचलं त्याचीच पाठ खाली. खासबागेतल्या जुन्या जाणत्याला मी हीच मॅच दाखवीन. तो पकड वाचू शकतो. समोरच्याला मोडण्यासाठी धरलंय की सांभाळण्यासाठी, हे त्याला माझ्याआधी दिसेल.

कॉमेंट्रीही याच मापाने ऐकावी. आपल्या मैदानात निवेदक पैलवानाचं गाव, तालीम, वस्ताद सांगतो आणि कुस्तीला वजन देतो. जानेवारी १९९२च्या रॉयल रंबलमध्ये रिक फ्लेअर तीस जणांत तिसरा येतो आणि तासभर टिकून जिंकतो, तेव्हा माइकवर बॉबी हीनन आणि गोरिला मॉन्सून आहेत. हीनन उघडउघड फ्लेअरचा माणूस: कळवळतो, खोटं बोलतो, मॉन्सून त्याला झापतो. ही जोडी आपल्याला ओळखीची आहे. वगातला सोंगाड्या आणि त्याच्यावर डाफरणारा सरदार असाच चालतो. नवा माणूस रिंगमध्ये आला की हीननच्या घशातला आवाज बदलतो आणि फ्लेअरचा जीव धोक्यात आहे असं आपल्याला वाटायला लागतं.

आता या कौतुकाची किंमतही सांगितली पाहिजे. योकोझुना २००० मध्ये ३४व्या वर्षी गेला. डेव्ही २००२ मध्ये ३९व्या वर्षी. ब्रेटचा धाकटा भाऊ ओवेन, ज्याने मार्च १९९४च्या रेसलमेनियात ब्रेटला हरवून कमाल केली होती, तो २३ मे १९९९ला कॅन्सस सिटीत दोरावरून रिंगमध्ये उतरण्याच्या स्टंटमध्ये उंचावरून पडला आणि मेला. तोही ३४ वर्षांचा. टीव्हीवरच्या निवेदकाला सांगावं लागलं की हा कार्यक्रमाचा भाग नाही. आणि कार्यक्रम पुढे चालू ठेवला गेला. ‘खोटं आहे’ असं म्हणत राहण्याचा खरा तोटा मला इथे दिसतो. एकदा सगळं खोटं ठरवलं की पडणाऱ्या शरीराची जबाबदारी कुणावरच राहत नाही, ना कंपनीवर, ना बघणाऱ्यावर.

यावर कुणी म्हणेल, मग खरी कुस्तीच बघ की. बघतोच. निकाली कुस्तीत एका क्षणी घिस्सा बसतो आणि अख्खं मैदान उठतं, त्याला तोड नाही, आणि वेम्बली त्याची जागा घेऊ शकत नाही. पण वेम्बलीकडे खासबागेच्या नियमाने बघणं म्हणजे शेजारच्या नाट्यगृहात जाऊन मेलेला माणूस खरंच मेला का, हे तपासण्यासारखं आहे.

तेव्हा ती मॅच लावाल, तेव्हा जिंकणाऱ्याकडे बघू नका. शेवटच्या तीन आकड्यांनंतर ब्रेट उठतो, तोंड फिरवतो, हात मिळवायला तयार नाही असं दाखवतो. ऐंशी हजार माणसं थांबतात. मग तो वळतो आणि डेव्हीला मिठी मारतो. बहीण मध्ये येते. हेही ठरलेलंच होतं. मिठीत ब्रेटचा हात डेव्हीच्या पाठीवर कसा पडतो, तेवढं बघा.