एक एकर आणि एक चूल

ग्रामीण स्त्रियांच्या लहान शेतीमुळे कुटुंबाची अन्नसुरक्षा साधते, हे विधान अलीकडे इतक्या वेळा केले जाते की, त्यातील ‘कुटुंब’ या शब्दाची चिकित्सा करावी असे कोणास वाटेनासे झाले आहे. १९९६ च्या रोम येथील जागतिक अन्न परिषदेने अन्नसुरक्षेची जी व्याख्या केली, तीत ‘सर्व माणसांना सर्व काळी’ पुरेसे व पोषक अन्न मिळावे असे म्हटले आहे. व्याख्या माणसांची, मोजमाप मात्र कुटुंबाचे, ही या विषयातील मूळ विसंगती होय. कणगीत जोंधळा आहे एवढ्यावरून शेवटी जेवणारीच्या ताटात काय पडते, हे समजत नाही.

या प्रश्नाचा सर्वांत विचारार्ह प्रयोग मराठवाड्यात झाला. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनातून पुढे आलेल्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने लातूर-उस्मानाबाद (आताचे धाराशिव) भागात ‘एक एकर शेती’ची पद्धती रुजविली. घरच्या जमिनीपैकी अर्धा ते एक एकर तुकडा स्त्रीने मागून घ्यावा, त्यात भरडधान्ये, कडधान्ये व भाजीपाला मिश्र पद्धतीने पेरावा, घरचेच खत वापरावे, आणि आधी घर व मग बाजार हा क्रम पाळावा, असे तिचे स्वरूप आहे. तिचे खरे महत्त्व पिकांच्या यादीत नसून, काय पेरावे आणि किती विकावे हे ठरविण्याचा अधिकार स्त्रीकडे येण्यात आहे.

परंतु येथेच तिची मर्यादाही दिसते. हा तुकडा मागून मिळालेला असतो. आणि जे मागून मिळते, ते परतही मागता येते. सातबाऱ्यावर नाव नाही, पाण्याच्या पाळीवर हक्क नाही, अशा स्थितीत निर्णयाचा अधिकार घरातील सद्भावावर टिकून राहतो. २००५ च्या वारसा कायद्यातील दुरुस्तीने मुलीला वडिलार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला खरा. परंतु सासरच्या ज्या रानात ती राबते, त्यासंबंधी त्या दुरुस्तीने काही साधत नाही.

कडेगाव तालुक्याकडे पाहिले म्हणजे हा आक्षेप अधिक स्पष्ट होतो. येरळा खोऱ्यातील हा मूळचा अवर्षणप्रवण प्रदेश. शाळू, बाजरी, हुलगा, मटकी ही येथील कोरडवाहू पिके. ताकारी व टेंभू या उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी येथे आणले आणि पाण्यामागोमाग ऊस आला. आडसाली ऊस सुमारे दीड वर्ष रानात उभा राहतो. तेवढा काळ ते रान शाळूला बंद. कारखान्याचे बिल जमा होते ते ज्याच्या नावे उसाची नोंद असेल त्याच्या खात्यावर. पहिल्या तीन-चार महिन्यांत उसाच्या सरीत मेथी, कांदा, भुईमूग घेता येतो, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. पण सरीतील ही जागा म्हणजे पिकाने तात्पुरती दिलेली सवलत आहे, अधिकार नव्हे. अवर्षणात स्त्रीच्या हाती निदान हुलग्याचे रान होते. सुबत्तेत तेही गेले, तर या प्रगतीचा हिशेब पुन्हा तपासला पाहिजे.

याच परिसरात त्या हिशेबाचा पाया पूर्वी घातला गेला होता. शेजारच्या खानापूर तालुक्यात बलवडी व तांदुळवाडी यांच्या दरम्यान येरळेवर लोकांनी बळीराजा धरण बांधले. भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा वाटा आणि उसाला आवर, ही त्यामागील भूमिका. पाण्याचा हक्क जमिनीपासून अलग करणारा हा विचार क्रांतिकारक होता. तथापि वाट्याचे एकक येथेही कुटुंबच राहिले. त्या एककात न बसणाऱ्या स्त्रीचा प्रश्न १९८० नंतरच्या दशकात स्त्रीमुक्ती संघर्ष चळवळीने परित्यक्तांच्या निमित्ताने सांगली जिल्ह्यात उभा केला. स्वतंत्र शिधापत्रिका ही त्यांची एक मागणी होती. पुढे २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर घरातील ज्येष्ठ स्त्रीला कुटुंबप्रमुख मानले. कागदावर चूल तिची झाली. रान व पाणी झाले नाही.

एवंच, मराठवाड्याच्या प्रयोगाने निर्णय दिला पण पाणी दिले नाही. येरळाकाठच्या प्रयोगाने पाणी दिले पण ते कुटुंबाच्या नावे. या दोहोंची सांगड घातल्याखेरीज स्त्रियांच्या लहान शेतीची प्रशंसा अपुरी ठरेल. यापुढील अभ्यासकांनी किती भाजी पिकली एवढेच न विचारता, पुढील हंगामात तो तुकडा कोणाच्या शब्दावर तिच्याकडे राहणार आहे, हे आधी विचारावे.