किनाऱ्यावर काय वाजवायचं?

दिवेआगरच्या वाळूत पहिल्याच संध्याकाळी आमची जुंपली ती गाण्यावरून. बीडहून रात्री निघालेली क्रूझर नगर, पुणे करत ताम्हिणी घाट उतरून सकाळी कोकणात पोचली होती. आमच्यातल्या तिघांनी समुद्र जन्मात पहिल्यांदा पाहिला. लाट परतताना टाचेखालची वाळू ओढून नेते आणि पोटात गोळा येतो. त्या गोळ्यावर एकजण दहा मिनिटं नुसता खिदळत उभा होता. मग कुणीतरी स्पीकर सुरू केला आणि ध्यानात आलं, की इथं लावण्याजोगं गाणंच आपल्या मोबाइलात नाही. हळदीची डीजेवाली कोळीगीतं लावली, तर ती बसू देईनात. भावगीत लावलं, तर त्याचे शब्द लाटांनी गिळले. शेवटी स्पीकर पिशवीत गेला.

मराठी गाण्यात समुद्र काही थोडाथोडका नाही. पण त्याच्या काठी निवांत पाय पसरून बसलेला माणूस शोधायला जावं, तर सापडत नाही. आपलं सगळ्यात नावाजलेलं सागरगीत सावरकरांनी 1909 साली ब्रायटनला रचलं. ब्रायटन म्हणजे लंडनकरांचं सुटीचं, हवा खायला जायचं ठिकाण. तिथल्या गोट्यांच्या किनाऱ्यावर बसून या माणसाला आठवला तो देश, आणि गाणं झालं ते ताटातुटीचं. सहलीच्या गावात जन्मलेलं हे गाणं सहलीत लावायची कुणाची छाती होत नाही, आणि ते बरंच आहे.

उरली कोळीगीतं. शांता शेळके आणि हृदयनाथ मंगेशकर या जोडीनं ती घराघरांत नेली. ‘मी डोलकर’ हे लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांचं गाणं आमच्या आष्टी-पाटोद्याच्या दुष्काळी पट्ट्यातही तोंडपाठ आहे. लहानपणी मला वाटायचं, डोलकर म्हणजे होडीत डोलणारा. डोल हे मासे धरायच्या जाळ्याचं नाव आहे, हे फार उशिरा कळलं. म्हणजे ज्याला मी मौजेचं गाणं समजत होतो, ते कामावरच्या माणसाचं निघालं! ‘वादळवारं सुटलं गो’ तर सरळ धास्तीचं. लाटेवर पोट असलेल्या माणसाला लाटेची मजा कुठून सुचणार? आमच्याकडच्या जात्यावरच्या ओवीचंही तेच आहे. जातं फिरतंय तोवर ओवी. पीठ भरून बाई उठली की गाणंही उठलं.

गंमत अशी, की शांताबाई जन्मल्या इंदापुरात आणि हृदयनाथ सांगलीचे. दोन्ही गावं समुद्रापासून घाटापलीकडची. त्यामुळे ‘तुम्ही बीडची माणसं, तुम्हाला समुद्राचं काय कळणार’ हा टोमणा मी मनावर घेत नाही. तिकडे अमेरिकेत सर्फिंगच्या गाण्यांनी ज्यांनी जग जिंकलं, त्या ‘बीच बॉइज’मध्येही लाटांवर खरोखर फळी चालवणारा एकच गडी होता, ढोलवाला डेनिस विल्सन. बाकीच्यांनी त्याच्या मजेवर गाणी केली.

पण त्या लोकांनी आवाजाचा विचार केला होता, आणि माझं दुखणं नेमकं तिथं आहे. 1962 साली गिटारवाल्या डिक डेलनं ‘मिसिरलू’ ही पूर्व भूमध्य समुद्राकडची जुनी चाल गिटारवर बसवली. वडिलांच्या बाजूनं तो लेबनॉनकडचा, म्हणून तिकडच्या वाद्यांची घाई त्याच्या बोटांत होती. एकाच तारेवर भरभर घाव. शब्द नाहीतच, त्यामुळे लाटेनं गिळायला काही उरत नाही. आपल्या जवळ, गोव्यात, संगीतकार ख्रिस पेरींनी गायिका लॉर्नाच्या कोंकणी गाण्यांमागे ट्रम्पेट-सॅक्सोफोन उभे केले. ते सूरही वाऱ्यातून आरपार येतात. आपलं भावगीत मात्र चार भिंतींतलं. पेटीचे बारीक सूर, शब्दाशब्दावर भर. मोकळ्या हवेत त्याचं काही चालत नाही. त्यातल्या त्यात 1976 च्या ‘हा खेळ सावल्यांचा’मधलं ‘गोमू संगतीनं’ तग धरतं. हेमंतकुमारांचा तो जाडसर, कसलीच घाई नसलेला आवाज त्याला तारतो. किनाऱ्यावर लावायच्या गाण्यांच्या माझ्या यादीत ते पहिलं.

आजचं आगरी-कोळी संगीत धंद्यात जोरात आहे आणि त्याचा मला आनंदच आहे. वेसाव्यापासून रायगडापर्यंतची पोरं स्वतःच्या बोलीत गातात, स्वतःच चित्रीकरण करतात, आणि गेवराईच्या वरातीत त्यांची गाणी वाजतात. हे पूर्वी कुठं होतं? पण वल्ह्याबरोबर झुलणारा जुना ठेका डीजेनं ठोकून सपाट केला. वल्हं पुढे जातं, मागे येतं, मध्ये जरा श्वास असतो. हा श्वासच नव्या गाण्यांतून गेला. ‘गोव्याच्या किनाऱ्याव’ हे गाणं नावानं किनाऱ्यावरचं, पण ऐकताना हात वर करून नाचावंच लागतं, आडवं पडायची सोय नाही.

खरं सांगायचं तर मराठी माणसाची सुटी समुद्रात नाही, पावसात आहे. कवी सौमित्र आणि गायक-संगीतकार मिलिंद इंगळे यांचा ‘गारवा’ हा पाऊसगाण्यांचा संच आला, तेव्हा आम्ही अंबाजोगाईत कॉलेजला होतो. ती कॅसेट आम्ही भर मे महिन्यात, टँकरच्या रांगेत घागरी लावून ऐकली आहे. गिटार, संथ लय, भिजलेली हवा. किनाऱ्याला जे लागतं ते सगळं त्यात आहे, फक्त किनारा नाही. दुसऱ्या दिवशी दिवेआगरला आम्ही तेच लावलं. डिसेंबरात, लख्ख उन्हात. शोभलं.

परत आल्यावर आठवड्याभरात माजलगावकडे एका लग्नाला गेलो. वरातीत कोळीगीत लागलं होतं. शेजारी नवरदेवाचे चुलते उभे, ऊसतोडीचा हंगाम अर्धवट टाकून साखर कारखान्यावरून लग्नापुरते आलेले. त्यांनी पुतण्याला कानाशी ओरडून विचारलं, “नाखवा म्हंजी कोण रं?”

“बोटीवरचा मुकादम, तात्या.”

तात्यांनी जरा विचार केला. “मंग उचल किती देतो?”